दहावीचं वेळापत्रक तासांवर नको, धड्यांवर मांडा

करंजाडे (ता. पनवेल), वार्ताहर : शाळा सुरू होऊन आठवडा झाला की दहावीच्या घरात भिंतीवर एक कागद लागतो. स्केचपेनने आखलेल्या चौकटी, वर देवाचं नाव, खाली पाच ते सहा गणित, सहा ते सात विज्ञान, आठ ते नऊ इतिहास. पहिले चार दिवस घड्याळ लावून त्याप्रमाणे चालतं. मग एक दिवस लाईट जाते, एक दिवस मामाकडे साखरपुडा निघतो, आणि गणपतीची साफसफाई करताना तो कागद भिंतीवरून उतरतो. दिवाळीत कोणाला आठवतही नाही की असं काही लावलं होतं.

त्या कागदात एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते, ती म्हणजे वाचायचं एकूण किती आहे. ‘सहा ते सात विज्ञान’ म्हणजे नक्की काय? नुसतं पुस्तक उघडून बसलं तरी विज्ञान झालं, आणि चार पानं समजून वाचली तरी विज्ञानच झालं. शेतात असा हिशोब चालत नाही. लावणीला माणसं लावली तर संध्याकाळी आपण विचारतो, किती खाचरं उरकली? किती तास वाकून होता, असं कोणी विचारत नाही. पोरांच्या अभ्यासात मात्र आपण तासच मोजतो. तीन तास बसला होता, यावर आईबाप समाधानी होतात आणि पोरगाही.

म्हणून यंदा वेळापत्रक वेगळ्या पद्धतीने मांडून बघावं, असं सुचवायचं आहे. त्याला क्लास लागत नाही, ॲप लागत नाही. अनुक्रमणिका, घरातलं कॅलेंडर आणि एक शंभर पानी वही, एवढं पुरतं.

आधी मोजणी करा

बालभारती म्हणजे आपलं पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ साली पुण्यात सुरू झालं. दहावीची राज्य मंडळाची पुस्तकं २०१८ साली बदलली, ती धरून हा हिशोब केला आहे. तुमच्या हातात वेगळी आवृत्ती असेल तर अनुक्रमणिका उघडून स्वतः मोजा, पद्धत तीच.

विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये १० धडे, गुरुत्वाकर्षणापासून अवकाश मोहिमांपर्यंत. भाग २ मध्ये परत १०, आनुवंशिकता व उत्क्रांतीपासून आपत्ती व्यवस्थापनापर्यंत. इतिहासाचे ९, त्याच पुस्तकात राज्यशास्त्राचे ५. भूगोलाचे ९, ज्यात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे. ही झाली वाचायची पुस्तकं. बेरीज केली तर ४३ धडे.

गणिताचे भाग १ मध्ये ६ आणि भाग २ मध्ये ७, असे १३ धडे. पण गणित वाचून होत नाही, ते करावं लागतं, म्हणून त्याचा हिशोब वेगळा ठेवायचा. भाषांचाही वेगळा.

४३ हा आकडा मुलाला एकदा कळला की अर्धी भीती जाते. जूनमध्ये पाच-सहा जाड पुस्तकांचा गठ्ठा घरी आला की तो डोंगर वाटतो. आकड्याला शेवट असतो. तो भिंतीवर मोठा लिहा आणि एक धडा झाला की एक कमी करा.

आता आठवडे मोजा, पण खरे

१६ जूनपासून ३१ डिसेंबरपर्यंत साधारण २८ आठवडे होतात. डिसेंबरअखेर का, तर जानेवारीत शाळांच्या पूर्वपरीक्षा असतात आणि बोर्डाची परीक्षा आता लवकर यायला लागली आहे. २०२४ साली दहावीचा पहिला पेपर १ मार्चला होता, २०२५ साली तो २१ फेब्रुवारीला झाला. आठ-दहा दिवसांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण शेवटच्या महिन्यावर भिस्त ठेवणाऱ्याला तो चांगलाच लागतो.

या २८ मधले सगळे आठवडे अभ्यासाचे नसतात, हे पालकांनी प्रामाणिकपणे कबूल करावं. आपल्या भागात जुलैत लावणीचा एक आठवडा जातो. गौरी-गणपतीत एक. सहामाही परीक्षेत एक, कारण तेव्हा नवीन वाचन होत नाही. भाताच्या कापणी-झोडणीत एक. दिवाळीत एक. आणि एक आठवडा आजारपण, लग्नकार्य, कोणाचं दुःखद, अशा न सांगता येणाऱ्या गोष्टींसाठी. असे सहा आठवडे सुरुवातीलाच कॅलेंडरवर तांबड्या पेनाने काटून टाका. सेक्टरमध्ये राहणारी कुटुंबं म्हणतील की आमच्याकडे कसली लावणी. पण त्यांचाही गावचा गणपती असतो, गावची दिवाळी असते, घाटावर जायचं-यायचं असतं. प्रत्येकाने आपापले सहा आठवडे शोधावेत.

उरले २२ आठवडे. धडे ४३. म्हणजे आठवड्याला दोन धडे, आणि तरी एका धड्याची जागा शिल्लक राहते.

आठवड्याला दोन धडे. एवढंच काम आहे ते. रोज तीन-तीन तास कोंडून घेण्यासारखं त्यात काही नाही. फक्त ते जूनमध्ये सुरू झालं पाहिजे आणि सुट्टीचे आठवडे आधीच वजा झालेले असले पाहिजेत. भिंतीवरचे कागद कोसळतात ते बहुतेक दुसऱ्याच कारणाने. त्यात गणपती धरलेलाच नसतो, आणि गणपती तर दरवर्षी येतो. मग ते पाच-सात दिवस गेले की पोराला वाटतं आपलं वेळापत्रक मोडलं, आणि मोडलेलं परत कोण जोडतो?

आपला अंदाज नेहमी कमी पडतो

कामाला किती वेळ लागेल हे माणसाला आधी नीट सांगता येत नाही. हे फक्त आपल्याकडच्या गवंड्यांचं नाही. कॅनडातल्या संशोधकांनी १९९४ साली पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून जास्त. सांगितलेल्या मुदतीत पुरं करणारे तिघांत एकसुद्धा नव्हते. ही मुलं अभ्यासात मागची नव्हती, विद्यापीठात शिकणारी होती. तरी दीडपटीहून जास्त चूक.

म्हणून अंदाज करू नका, मोजा. विज्ञानाचं पुस्तक घ्या, घड्याळ समोर ठेवा आणि दोन पानं समजून वाचा. आकृती असेल तर ती बघा, मध्ये ‘जरा डोके चालवा’ म्हणून चौकट असेल तर खरोखर डोकं चालवा. किती मिनिटं लागली? समजा दोन पानांना दहा मिनिटं लागली. विज्ञानाचा धडा साधारण बारा-चौदा पानांचा धरला तर सव्वा तास होतो. त्याच्या दीडपट धरा, म्हणजे जवळपास दोन तास. हे दोन तास एका बैठकीत कोणाकडूनही होत नाहीत, मोठ्या माणसाकडूनही नाही. म्हणून धड्याचे तीन तुकडे करायचे, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे.

तुकडे पानं मोजून पाडू नयेत. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या सुरुवातीलाच त्यातल्या मुद्द्यांची नावं दिलेली असतात. बहुतेक मुलं ती ओलांडून थेट पहिल्या ओळीवर जातात. खरं तर वेळापत्रक तिथेच तयार आहे. पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा घ्या. पहिल्या बैठकीत वर्तुळाकार गती, अभिकेंद्री बल आणि केप्लरचे तीन नियम. दुसऱ्या बैठकीत न्यूटनचा वैश्विक गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण. तिसऱ्या बैठकीत मुक्तपतन, मुक्तिवेग आणि सोडवून दाखवलेली उदाहरणं. प्रत्येक तुकडा एका ठिकाणी सुरू होऊन एका ठिकाणी संपतो. केप्लरचा दुसरा नियम अर्धा वाचून उठलं तर दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून वाचावं लागतं. खाचर अर्धं सोडून दुसऱ्या दिवशी परत चिखल करण्यासारखं ते आहे.

दोन धडे, प्रत्येकी तीन बैठका, म्हणजे सहा. सोमवार ते शनिवार रोज एक. रविवार मोकळा. इतिहास-भूगोलाचे काही धडे दोनच बैठकांत संपतात, तेवढी सवड मागे राहिलेल्या विज्ञानाला द्यावी.

कोणता धडा कधी, हे ठरवताना शाळेच्या मागोमाग जावं. वर्गात आवर्ती वर्गीकरण चालू असताना घरी प्रकाशाचं अपवर्तन वाचणं म्हणजे दुप्पट मेहनत. जमलं तर सर शिकवायच्या आदल्या रात्री पहिला तुकडा नुसता नजरेखालून घालावा. वर्गात मग निदान शब्द ओळखीचे लागतात.

वाचलेलं राहतं कसं

आता मुख्य गोष्ट. आठवड्याला दोन धडे वाचले आणि डिसेंबरात ४३ संपले, तर जूनमधल्या धड्याचं काय झालेलं असेल? विसरलेला असेल. यात पोराच्या डोक्याचा काही दोष नाही. जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाउस नावाच्या अभ्यासकाने स्वतःवरच केलेला प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केला होता. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती उरलं ते तपासायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटत होतं, आणि नंतर विसरण्याचा वेग हळूहळू कमी होत होता. धड्याला अर्थ असतो म्हणून तो थोडा जास्त टिकतो, पण गळती तशीच असते.

यावर पोरं काय करतात, तर परत वाचतात. दोनदा, तीनदा, खाली पिवळ्या पेनाने रेघा ओढत. परत वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचला आणि परत वाचला. बाकीच्यांनी एकदा वाचला, मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, १०० तले ८१ विरुद्ध ७५. पण आठवड्याने घेतली तेव्हा उलटं झालं. लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, परत वाचणाऱ्यांना ४२.

आपल्या गावांना हे नवीन नाही. आगरी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण आठवा. तिने पुस्तक कधी उघडलेलं नसतं, तरी मुहूर्तापासून विधीविधीचे धवले तिला पाठ असतात. प्रत्येक लग्नात ती ते न बघता, तोंडाने, मोठ्याने म्हणते. मध्ये महिना-दोन महिने जातात, परत लग्न येतं, परत म्हणते. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांचं तसंच. न बघता आठवणं आणि मध्ये दिवस जाऊ देऊन परत आठवणं, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

म्हणून शंभर पानी वही. एका धड्याला एक पान. तिसरी बैठक संपली की पुस्तक मिटायचं आणि त्या पानावर आठवेल ते लिहायचं. व्याख्या, सूत्र, आकृती, जे येईल ते. सुंदर अक्षराची गरज नाही. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते तांबड्या पेनाने भरायचं. तांबडं जेवढं जास्त तेवढं पुढच्या वेळी तिथे लक्ष. २०२३-२४ मध्ये शासनाने खालच्या वर्गांच्या पुस्तकांतच धड्यामागे कोरी पानं जोडून दिली होती, ती २०२५ मध्ये बंद झाली. पानं का भरली गेली नाहीत यावर बरीच चर्चा झाली. माझं मत असं, की पानावर काय लिहायचं आणि ते परत कधी बघायचं हे पोरांना सांगितलंच गेलं नाही तर कोरं पान कोरंच राहणार.

पानाच्या वर तीन तारखा टाका. उदाहरणार्थ, गुरुत्वाकर्षण : वाचून झाला २४ जून, परत २८ जून, परत २६ जुलै. म्हणजे वाचल्यावर येणाऱ्या रविवारी एकदा आणि महिन्याने एकदा. परत म्हणजे परत वाचणं नव्हे. पान झाकून सांगायचं, आईला, बहिणीला, नाहीतर भिंतीला. समोरच्याला विज्ञान येत नसलं तरी चालतं. त्याने फक्त पुस्तक हातात धरून मुद्दे जुळतात का ते बघायचं. दर रविवारी चालू आठवड्याचे दोन आणि महिन्यापूर्वीचे दोन असे चार धडे येतात. एका धड्याला दहा मिनिटं धरली तर चाळीस मिनिटांत उरकतं. बाकीचा रविवार आठवड्यात राहून गेलेल्या बैठकांना. आणि काहीच राहिलं नसेल तर पोराला क्रिकेट खेळायला सोडा, शब्द पाळा. रविवारी मोकळं मिळतं हे कळल्याशिवाय शनिवारची बैठक कोणी पुरी करत नाही.

गणिताला रोज अर्धा तास वेगळा, तोही हात चालवून. १३ धडे २२ आठवड्यांत, म्हणजे एका धड्याला दहा-बारा दिवस मिळतात. गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण वाचून ‘समजलं’ म्हणणाऱ्याला तेच उदाहरण कोऱ्या कागदावर करायला सांगा, लगेच कळतं. भाषांचं झोपायच्या आधी पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन पुरे, कवितेसह.

वेळ घरातून काढावा लागतो

इथपर्यंतचं सगळं गणित बरोबर असलं तरी एक प्रश्न उरतो. रोजची ती चाळीस मिनिटं आणि गणिताचा अर्धा तास घरात कुठून येणार, आणि कोणाच्या वाट्याला?

करंजाडेत आता दोन तऱ्हेची घरं आहेत. एक जुनं गावठाण, दुसरे सिडकोने वसवलेले सेक्टर. विमानतळासाठी उठलेल्या गावांतली कुटुंबंही या बाजूला वसली. बऱ्याच घरांत आता नावापुरती जमीन उरली आहे, किंवा तीही नाही. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट भावाभावांत वाटला गेला, पैसे आले तसे गेले. आजोबा शेतकरी होते म्हणून नातवाला शेती मिळेल, असं राहिलेलं नाही. तळोजा एमआयडीसीत जा, बंदराकडे जा नाहीतर विमानतळावर, अर्जाला पहिला कागद लागतो तो दहावीच्या मार्कशीटचा. त्यामुळे हा विषय फक्त टक्केवारीचा नाही. घरात दुसरं काही वाटण्यासारखं उरलं नसताना पोरांना काय देणार, त्याचा आहे.

आणि पोरांना म्हणताना पोरींचं काय होतं ते बघा. वेळापत्रक मुलाचंही भिंतीवर असतं, मुलीचंही. पण संध्याकाळी सहाला पाणी भरायचं, सातला भाकरीला बसायचं, पाहुणे आले की चहा ठेवायचा, हे तिच्या कागदावर लिहिलेलं नसतं आणि तरी तेच आधी होतं. भाऊ अभ्यासाला बसलाय म्हणून त्याला हाक मारायची नाही, हा नियम चांगला आहे. तोच बहिणीलाही लावा. तिची चाळीस मिनिटं कोणती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे आणि त्या वेळात तिला उठवायचं नाही. पाणी त्याच वेळेला येत असेल तर भरायला दुसऱ्याने उठायचं. बापाने उठलं तरी काही बिघडत नाही. ज्या घरात हे एवढं ठरणार नाही तिथे वरचा सगळा हिशोब फुकट.

वेळ कोणती धरावी? पहाटे उठ असं सगळे सांगतात. ज्याला जमतं त्याने उठावं, पण रात्री बारापर्यंत मोबाईल बघणाऱ्याला पहाटे पाचला उठवून पुस्तकासमोर बसवलं तर तो बसून झोपतो. शाळेतून आल्यावर खाऊन-पिऊन लगेचची चाळीस मिनिटं बऱ्याच मुलांना चांगली जातात, कारण तेव्हा टीव्ही लागलेला नसतो आणि बाप घरी आलेला नसतो. संध्याकाळी क्लास असणाऱ्यांनी एक हिशोब जरूर करावा. क्लासला पनवेलला जायला-यायला किती वेळ जातो, तिथे शिकवतात किती आणि घरी येऊन त्यातलं वाचायला वेळ उरतो का? दोन तास क्लास आणि स्वतःचं वाचन शून्य, अशी मुलं प्रत्येक गल्लीत आहेत. फी भरली म्हणजे धडा वाचून झाला, असं होत नाही.

मोबाईलबद्दल एकच. बैठकीच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत, आणि एक खोलीचं घर असेल तर आईच्या पिशवीत. घड्याळासाठी लागतो म्हणणाऱ्याला शंभर-दीडशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणून द्या.

जानेवारी-फेब्रुवारी आपल्याकडे मोठा वाईट काळ, म्हणजे मजेच्या दृष्टीने चांगला. वालाच्या शेंगा आल्या की रात्री शेतात पोपटी लागते. मैदानांवर लाईट लावून टेनिस क्रिकेटच्या मॅचेस रात्री उशिरापर्यंत चालतात. लग्नसराई असते आणि हळदीचा डीजे किती वाजता बंद होईल ते कोणी सांगू शकत नाही. परीक्षा तोंडावर असलेल्या पोराला एकाही पोपटीला जाऊ देऊ नये, या मताचा मी नाही. एकदा जाऊ दे. पण हळद शेजारी असेल तर त्या रात्रीची बैठक दुपारीच उरकायची, हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं. लग्नाची तारीख महिनाभर आधी कळते, मग आवाजाने अभ्यास बुडाला असं सांगण्यात अर्थ नाही. आणि यजमानांनीही, आपल्या वाडीत दहावी-बारावीची किती मुलं आहेत ते एकदा मोजून बघावं.

डिसेंबरपर्यंत ४३ पानं भरली असतील तर या दोन महिन्यांत नवीन काहीच वाचायचं नसतं. रोज वहीतली दोन पानं झाकून सांगायची आणि जिथे तांबडं जास्त दिसेल तिथेच पुस्तक उघडायचं. तीन-साडेतीन आठवड्यांत सगळी पानं एकदा फिरून होतात. पेपरच्या आदल्या दिवशी अख्खं पुस्तक चाळण्यापेक्षा ही दहा-वीस पानं हातात असणं बरं.

ज्यांचं आधीच राहून गेलंय

दिवाळी गेली, डिसेंबर लागला आणि एकही धडा धड वाचून झालेला नाही, अशी मुलं दरवर्षी असतात. त्यांनी आठवड्याला दोनचा हिशोब धरू नये, तो आता बसणार नाही. सात-आठ आठवड्यांत ४३ म्हणजे आठवड्याला सहा, दिवसाला तीन बैठका, आणि परत आठवायला वेळच उरत नाही. अशा वेळी सगळं थोडं थोडं वाचण्यापेक्षा निवड करावी.

विज्ञानाच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका. बहुतेक जण तेच करतात आणि तिसऱ्या धड्यात अडकून पुस्तक मिटतात. भूगोल आणि इतिहास-राज्यशास्त्र हे दोन्ही ४०-४० मार्कांचे पेपर आहेत आणि धडे लहान आहेत. राज्यशास्त्राचे पाच धडे तर चार-पाच दिवसांत होतात. निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, हे विषय घरात बोलले जातात, बापाला विचारलं तरी दोन गोष्टी कळतात. विज्ञान भाग २ मध्ये पर्यावरणीय व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन हे धडे सोप्या भाषेत आहेत, ते आधी घ्या. मग वर्गात जे थोडंफार कानावर पडलं होतं ते. अजिबात न कळलेला धडा सरांकडून समजून घेतल्याशिवाय एकट्याने वाचत बसू नका, त्यात दोन-तीन दिवस जातात. आणि प्रत्येक धड्याचं वहीत पान मात्र लिहायचंच, फक्त परत भेटीच्या तारखा जवळ घ्यायच्या, तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी.

जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसणाऱ्यांनाही हीच वही चालते. त्यांचे विषय कमी असतात, म्हणून बैठका दिवसाला दोन धराव्यात.

पुस्तक फाटलं किंवा हरवलं असेल तर त्यावर अडून बसायला नको. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. अख्खं पुस्तक मोबाईलवर वाचण्यापेक्षा त्या आठवड्याच्या दोन धड्यांची झेरॉक्स काढून आणावी. मागच्या वर्षी पास झालेल्या शेजारच्या पोराकडे मागितलं तर पुस्तकही मिळेल, फक्त आवृत्ती तीच आहे ना, एवढं अनुक्रमणिका जुळवून बघून घ्यावं.